माझ्या मोराची मान

चोर तो चोर, वर शिरजोर! ही म्हण मी शाळेत नाही, आमच्याच घरात शिकले.

लढाईचे दिवस होते. नगरच्या बाजारात भरतकामाचे दोरे मिळेनासे झाले होते, मोरपिशी दोरा मागितला की दुकानदार नुसता हसायचा. मला तर दुसुतीच्या कापडावर फुल्यांच्या टाक्यानं मोर भरायचा होता. मानेला साधा निळा दोरा लावला असता तर तो मोर कसला, कावळाच दिसला असता! मग मी निळ्या दोऱ्याचे पदर सुटे केले, हिरव्याचे केले, आणि दोन्ही एकाच सुईत ओवले. मानेच्या वरच्या अंगाला निळे पदर जास्त, छातीकडे हिरवे. लांबून बघितलं की मान खरंच चमकायची. वडिलांनी कौतुकानं त्याला काच लावून आणली.

त्याच सुमाराला माझ्या थोरल्या चुलतबहिणीला बघायला राहात्याहून पाहुणे आले. तेव्हा मुलीबरोबर तिचं भरतकामही बघायची रीत होती. आमच्या ताईला धड बटण लावता येत नव्हतं! काकूनं सरळ माझा मोर भिंतीवरून काढला आणि पाहुण्यांपुढे ठेवला. "आमच्या पोरीच्या हातचा हो!" मी दाराआड उभी राहून ऐकत होते. मुलाच्या आईला मोर इतका आवडला, की लग्न ठरलं आणि मोरही ताईबरोबर सासरी गेला. मी थयथयाट केला, तर काकू म्हणाली, "तोंड उघडलंस तर तिचा संसार मोडेल. एका चिंधीपायी?"

चिंधी! डोळे फुटायची वेळ आली होती माझी त्या चिंधीपायी.

पुढं ताईच्या डोहाळजेवणाला मी राहात्याला गेले. मोर बैठकीत, दाराच्या एका बाजूला टांगलेला. आणि कोपऱ्यात लाल दोऱ्यानं ताईचं नाव! काच काढून नाव घालायला हिला सवड मिळाली होती. एक फुली इकडं झुकलेली, दुसरी तिकडं. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

बायका जमल्या होत्या. ताईच्या सासूबाई दुसुती, सुई आणि दोऱ्यांच्या लडी घेऊन आल्या. "सूनबाई, दाराच्या दुसऱ्या अंगाला जोडीचा मोर पायजे. आज चार फुल्या घालून मुहूर्त कर. पर ह्या मानेचा दोरा कुठला हुता गं? मला कुठंच गावला न्हाई."

"नगरच्या बाजारातला," ताई म्हणाली.

"असला दोरा बाजारात मिळतच नाही!" मी ओरडलेच.

ताईचा चेहरा पांढराफटक पडला, तिनं पोटावर हात धरला. तो हात बघून मी पुढचे शब्द गिळले. पण सुई उचलली. निळ्या-हिरव्याचे पदर सोडवले, एकत्र ओवले आणि भराभर फुल्या घातल्या. तीच मान, तीच चमक! सासूबाई वाकून बघत राहिल्या. मला वाटलं, आता तरी यांना कळलं.

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "लई हुबेहूब! थोरल्या बहिणीनं शिकिवलं की हात असा बसतो. व्हय का न्हाई गं, सूनबाई?"

"हो ना," ताई म्हणाली. मग माझ्या फुल्यांकडे बघून वर मलाच म्हणते कशी, "पण टाके अजून जरा सैल येतायत हं तुझे."