आधी डावा

देवमन तायडेचा उजवा दंड पाहिला की माणूस जरा दबून बोलायचा, आणि डावा पाहिला की पुन्हा नेहमीसारखा. वलगावचा हा गडी अमरावतीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये सरकीची पोती वाहायचा. बारा वर्षं प्रत्येक पोतं उजव्याच खांद्यावर चढलं, डावा हात नुसता सोबतीला. संध्याकाळी तो आमच्या आखाड्यात यायचा. मीही जायचो, पण माझा व्यायाम बहुतेक तोंडाचा होता.

१९६१ साली अकोल्याला वजन उचलण्याची स्पर्धा झाली. बार खांद्यापासून डोक्यावर न्यायचा, दोन्ही हात एकदम सरळ झाले पाहिजेत, संधी तीन, आणि एकदा मागितलेलं वजन पुढे कमी करता येत नाही. देवमननं पहिल्याच दमात एकशे ऐंशी पौंड मागितले. तिन्ही वेळा उजवा हात झपकन वर आणि डावा कोपरात वाकलेला. बार मोडक्या खाटेसारखा तिरपा. पंचांनी तिन्ही वेळा बाद केलं आणि फळ्यावर त्याच्या नावापुढे शून्य लिहिलं गेलं. लोक हसले. मीही हसलो, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

परतताना बसमध्ये तो म्हणाला, "खुशालराव, हारलो असतो तं चाललं असतं. शून्य म्हंजे मी तिथं आलोच नाई."

पाच वर्षांपूर्वी त्याच्या घरानं धम्म स्वीकारला होता. तेव्हापासून आपलं नाव कुठे, कसं लिहिलं जातं याची त्याला फार फिकीर. मला तेव्हा हे एवढं कळलं नव्हतं.

आमचे उस्ताद रहमतुल्ला धंद्यानं पिंजारी. कापूस पिंजून पिंजून जवानीत त्यांचाही उजवा हात असाच पुढे गेला होता. त्यांनी देवमनला एका वेळी एकाच हाताचं डंबेल दिलं आणि म्हणाले, "आजसे पयले बायाँ. बायाँ जितना उठाएगा, उतनाच दायाँ. एक बी जादा नही."

आम्ही चमकलो. आखाड्याची माती कपाळाला लावायची ती उजव्यानं, पहिलं वजन उचलायचं तेही उजव्यानं. डाव्यानं सुरुवात कोणी पाहिलीच नव्हती. पण उस्तादांपुढे बोलणार कोण?

डावा सहा वेळा उचलून थरथरायचा, मग उजव्यानंही सहाच. वीस सहज काढणारा हात सहावर खाली ठेवायचा, म्हणजे पंगतीतल्या तगड्या गड्याला एका पोळीवर उठवणं. पोतीसुद्धा एक या खांद्यावर, एक त्या.

दीड महिन्यानं उस्तादांनी सुतळीनं दोन्ही दंड मोजले. डावा थोडा भरला होता, उजवा त्याहून जास्त. त्यांनी ती सुतळी देवमनपुढे धरली. त्यानं मान खाली घातली. त्याची बायको मैना दळण आटोपून उठली की हा गडी जात्याचा वरचा दगड गुपचूप उजव्या हातानं उचलायचा.

"भेव वाटते उस्ताद," तो म्हणाला. "याच हातावर घर चालून राह्यलं. हा सुकला तं?"

"सुकेगा नही. उसको रुकना सिखा," उस्ताद म्हणाले. "जोर तो बैल में बी रयता."

त्या दिवसापासून जात्याचा दगड जागेवरच राहिला. वर्षभरात डावा सहावरून पंधरावर आला, आणि उजवाही पंधरावरच थांबायला शिकला. निदान आम्हाला तसं वाटलं.

पुढच्या वर्षी अकोल्यात त्यानं दीडशे पौंड मागितले. "कावून एवढं हलकं?" मी चिडून विचारलं. त्यानं नुसता डावा दंड पुढे केला. चारचौघांसमोर उभा राहिला आणि मुरलेली खोड उसळली. उजवा पुढे पळाला, बाद. दुसऱ्यांदाही तेच. पुन्हा शून्य आलं तर हा माणूस परत बारला हात लावणार नाही, हे मला दिसत होतं.

तिसऱ्या वेळी त्यानं बार खांद्यावर घेतला आणि मान वळवून फक्त डाव्या हाताकडे पाहिलं. बार सावकाश चढू लागला. उजव्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. त्याला पुढे जाता येत होतं आणि तो जात नव्हता. डावा बोटभर सरकला की हा बोटभर. दोन्ही कोपरं एकदम सरळ झाली. तिन्ही पंचांचे पांढरे झेंडे वर गेले.

सात जणांत देवमन सातवा आला. फळ्यावर लिहिलं होतं, देवमन तायडे, एकशे पन्नास. सगळे पांगले तरी तो तिथून हलेना.

"चाल, बस जाईल," मी म्हणालो.

"जाऊ दे. फळा पुसतवर थांबतो," तो म्हणाला.

मीही त्याच्याजवळ उभा राहिलो. बस गेली.