इक्बालभाईंनी न केलेली सही

इक्बालभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकणला कंपनीच्या गेटवर कार्ड पंच करत होतो. मंगळवारची सकाळ. हृदयविकाराचा झटका. दुपारी दफन उरकून आम्ही पुन्हा शिफ्टला, कारण सुट्टी अर्धीच मिळाली होती... सव्वा महिना झाला. दुःखापेक्षा शिसारीच जास्त येते आहे आणि ती गिळून मला गोड गोड लिहिता येणार नाही.

इक्बालभाई आमच्या प्रेस शॉपचे, पत्रा दाबणाऱ्या यंत्रांचे फिटर, मी सुपरवायझर. रोज सकाळी प्रत्येक प्रेस तपासून तक्ता भरायचा, खाली फिटरने सही करायची. तीन नंबरच्या प्रेसला हात आत जाऊ नये म्हणून जाळी होती, ती उत्पादन वाढवायच्या नादात कधीच काढून भंगारात गेली. तक्त्यावर मात्र तिची ओळ राहिली: ठीक की खराब, एकावर खूण करा. इक्बालभाई खूणच करत नसत.

"खराब लिहा ना मग," मी एकदा वैतागून म्हणालो.

"आवो, खराब व्हायला बी आधी जाळी असाय लागती," ते शांतपणे म्हणाले. "ठीक म्हणा न्हाईतर खराब म्हणा, वाचणाऱ्याला वाटणार जाळी हाय. दोन्ही खोटंच की, राव."

आणि शेजारी लिहीत, 'जाळी नाही'. असा कागद ऑडिटला दाखवता येत नाही. म्हणून मी तो फाडायचो आणि फायलीत माझा लावायचो. महिन्याच्या पहिल्या तारखेलाच कँटीनमध्ये बसून महिन्याभराचे तक्ते मी एकदम भरून ठेवलेले असत. चार पेनं आलटूनपालटून वापरायची, ग्रीसचा अंगठा कागदावर दाबायचा, खाली इक्बालभाईंची सही ठोकायची. आमच्याकडे सगळेच करतात. मला तर त्याची ऐट होती.

दफनानंतर तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, बीडहून आलेल्या प्रकाश या कामगाराची दोन बोटं तीन नंबरच्या प्रेसमध्ये गेली. चौकशीत मॅनेजरनी फाइल उघडून त्या दिवसाचा, मी पहिल्या तारखेलाच भरून ठेवलेला तक्ता वाचला. "जाळी ठीक. सही, इक्बाल." खोलीत आम्ही सहा जण, त्यातले चार मंगळवारी कबरीवर माती टाकून आलेले. एकानेही मान वर केली नाही. मीही नाही.

बाहेर आल्यावर मी मॅनेजरना तक्त्यावरची शुक्रवारची तारीख दाखवली. ते दचकले, मग हसले. "सोमवारची टाक. म्हणू, त्याने सोमवारी तपासलं होतं. अरे, तो आता आहेच कुठे? नसलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

किळस आली. मॅनेजरची आली, त्याहून माझी. नसलेल्या जाळीबद्दल वाटेल ते लिहून माझा हात सरावला होता, आता नसलेला माणूस समोर आला इतकंच. पण इक्बालभाईंनी जे केलं नाही ते केलं म्हणणं खोटंच आहे... ते असोत वा नसोत.

रविवारी पुनावळ्याला इक्बालभाईंच्या घरी गेलो. कंपनीत चाललेलं बोलणं भाभींच्या कानावर आधीच आलं होतं. खुंटीवर त्यांचा गणवेश इस्त्री करून टांगलेला होता. भाभी पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

"दादा, प्रकाशची बोटं ह्यांच्यामुळं गेली का?"

"नाही, भाभी. ती सही माझी आहे. त्यांनी कधीच केली नव्हती. काल सरकारी कारखाना निरीक्षकांना तसं लिहून दिलंय."

भाभी पाण्याचा ग्लास मला न देताच आत घेऊन गेल्या.