महिपतीची पहिली चूळ

बारा वर्षं वाइन वाढतो आणि थेंब चाखलेला नाही, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण महिपती इथं कतारात, नजमा वस्तीतल्या खोलीवर, माझ्या शेजारच्या खाटेवर झोपतो. दोह्यातल्या एकाच हॉटेलात मी स्वयंपाकी आणि तो वाइन वाढणारा, म्हणून मला ठाऊक. कराडहून निघताना त्याच्या बायकोनं, सत्यभामावहिनींनी, त्याला सोनमच्या, म्हणजे लेकीच्या, डोक्यावर हात ठेवायला लावला होता. दारू ओठाला लावायची नाही! वहिनींचा थोरला भाऊ दारूनंच गेला. त्या बाईला दोष कोण देणार?

म्हणून गडी नुसत्या वासावर काम चालवायचा. ग्लास नाकाशी धरून सांगायचा, हिच्याबरोबर बदक द्या, हिच्याबरोबर चीज. बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

मग हंगेरीची लाल वाइन आली, एग्री बिकावेर. नावाचा अर्थ म्हणे बैलाचं रक्त. हे वहिनींना आम्ही कळू दिलं नाही. मॅनेजर मालविका मॅडम पुण्याच्या. त्या म्हणाल्या, "महिपती, हिच्याबरोबर काय खायला द्यायचं ते तू ठरव. जमलं तर वाइनचा हेड तू." हेड म्हणजे फॅमिली व्हिसा, दोह्याजवळ वक्र्याला दोन खोल्या, बायको आणि लेक जवळ. चार दिवस गड्याचे पाय जमिनीवर नव्हते.

त्यानं वास घेतला. मिरी, जांभूळ, थोडा धूर. "किसन, ती माणसं लाल मिरचीत मटण शिजवतात. आपला तांबडा रस्साच कर." मीही एक नंबरचा मूर्ख! जीव ओतून केला. मॅडमनी एक घास खाल्ला, वर एक घोट घेतला, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"अरे, तोंडाला आग लागली! त्यांची मिरची गोडसर असते. वासावर किती दिवस चालवणार? गुरुवारी चाखून सांग, नाहीतर मी दुसरा माणूस बघते."

मी खोलीवर त्याच्यावर खेकसलो. "गिळायची नसतेच, शहाण्या! तोंडात घोळवायची आणि थुंकायची. रोज चूळ भरतोस ना?"

"शपथ ओठाची आहे," तो म्हणाला. "घातली तिनं, तर 'सुटली' पण तिनंच म्हणायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्यानं फोन लावला, माझ्यासमोरच, स्पीकरवर. काही न लपवता सगळं सांगितलं.

"गिळणार नाही ना?" वहिनींनी विचारलं.

"नाही."

"बरं. सुटली."

गुरुवारी सगळ्यांसमोर त्यानं घोट घेतला. तोंडात घोळवून थुंकला आणि डोळे मिटून उभा राहिला. "आंबट आहे. तुरट पण, जीभ सुकवते. हिला चरबीचं मटण पाहिजे, गोड लाल मिरचीत मंद शिजवलेलं. भाजलेलं बदक, मश्रूम, धुरावलेलं चीज चालेल. हामूर नको, मासा लोखंडासारखा लागेल. आणि किसनचं तिखट तर मुळीच नको."

"यल्ला किसन, लाग कामाला," मॅडम म्हणाल्या. मटण शिजल्यावर त्यांनी प्लेट पुसून खाल्ली. वर ग्लास रिकामा केला. "खलास, ठरलं. हेड तूच."

महिपती थेट माझ्या किचनच्या मागच्या दाराशी गेला आणि स्पीकरवर घरी फोन लावला. तो काही बोलायच्या आत वहिनींनी विचारलं, "कशी लागली?"

"काय सांगू, कच्चं जांभूळ चघळल्यासारखी. आंबट, तुरट."

पलीकडून हुंदका आला. "मग माझ्या दादाला त्यात काय एवढं सापडलं असंल हो?"

हातातलं वाटण तसंच राहिलं माझं.

"मला नाही ठाऊक, अगं," महिपती म्हणाला. "पण आता तू एकटीनं हा विचार करत बसायचं नाही. हेड झालोय मी. पासपोर्ट काढून ठेव, तुझा आणि सोनमचा."