अर्ध्या बाटलीचं शिखर

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. बाबा चळवळीतले. प्रत्येक मोर्च्यातून उरलेला गठ्ठा घरी यायचा आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर मी आणि ताई गणितं सोडवायचो. त्यामुळे ताई गिर्यारोहणाच्या संस्थेबरोबर हिमालयात पहिल्यांदा सहा हजार मीटरच्या वर चढून आली, तेव्हा मला पत्रकच सुचलं. वसमतला छापून घेतलं, बसस्थानकावर उभं राहून वाटलं. मथळा माझाच होता : ‘अर्ध्या बाटली पाण्यावर शिखर!’

खोटं काहीच नव्हतं. बारा तासांच्या चढाईत ती तेवढंच पाणी प्याली होती. मला त्यात कष्टकरी बाईचं बळ दिसलं.

ते बळ कुठून आलं, हे मला तरी कळायला हवं होतं. आमच्याकडे हळद काढण्याआधी पाला कापतात. मग रान उघडं पडतं, बाईला आडोसा म्हणून राहत नाही. बाया सकाळचा चहासुद्धा अर्धा ठेवून निघतात, दिवसभर नुसते ओठ ओले करतात. ताई बारा वर्षांची असल्यापासून आईबरोबर त्या रानात होती. मीही असायचो. पोटभर पाणी प्यायचो आणि बांधाकडे तोंड करून उभा राहायचो.

बर्फावरही रान उघडंच. कमरेला दोर, दोराला मागेपुढे पुरुष. ताईनं आईचाच नियम पाळला. गुडघे दुखले की गोळी, डोकं दुखलं की गोळी. तिसऱ्या शिखरावरून ती उतरली, तेव्हा चेहरा सुजला होता आणि लघवी चहाच्या रंगाची होत होती. हेही तिनं आठवड्यानं सांगितलं, फक्त आईला.

नांदेडच्या डॉक्टर बाईंनी आम्हाला नीट समजावलं. विरळ हवेत माणूस भराभर श्वास घेतो, त्या श्वासावाटे अंगातलं पाणी जातं, रक्त दाट होतं. रक्तातल्या आम्ल-क्षारांचा बिघडलेला तोल सांभाळायचं जादा काम मूत्रपिंडांवर पडतं. त्यांना तेव्हाच पाणी मिळालं नाही आणि वरून वेदनाशामक गोळ्या गेल्या, तर ती खचतात. मग त्यांनी ताईला विचारलं, वर पाणी किती प्यायचीस?

आईनं पिशवीतून माझं पत्रक काढलं. ती ते सगळीकडे सोबत न्यायची.

“ह्याच्यात हाय बघा, म्याडम. आमच्या पोरानंच लिवलंय.”

बाईंनी ते पूर्ण वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि घडी घालून आईला परत दिलं. मूत्रपिंडांचं निम्मं काम गेलं होतं, ते परत येण्यासारखं नव्हतं. उंचीवर पुन्हा जायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यातल्या मोठ्या शिखरासाठी ताईची निवड झालेली होती.

परतीच्या बसमध्ये मी तावातावानं बोलत सुटलो. गिर्यारोहणवाल्यांना उघडं पाडतो, असं पत्रक काढतो की यांची झोप उडेल. ताईनं मला मध्येच तोडलं.

“डोंगराला काहून शिव्या देतो? मी पाणी काहून पेत नव्हते, ते लिही. बाईनं लघवीला जावं कुठं, ते लिही.”

“तुझं नाव घालून?”

“पयल्या पत्रकात इचारलं व्हतंस?”

मी लिहिलं. तिच्या नावानिशी, एकही उद्गारचिन्ह न वापरता. स्थानकावर पोरं वाचून हसली. बायांनी घडी करून पदराआड ठेवलं. घरी आईलाही ते ताईनं मोठ्यानं वाचून दाखवलं.

यंदा पुन्हा हळद काढणी लागली. ताई रोज सकाळी आईच्या हातात भरलेली बाटली देते. काल संध्याकाळी आई रानातून आली, तेव्हा ताईनं ती बाटली घेऊन उजेडासमोर धरली. जेमतेम दोन घोट कमी झाले होते.

“पाला कापलाय गं,” आई म्हणाली.