हिरवं बटण कुणी दाबलं?

मोनिकाची ओढणी मशीनमध्ये ओढली गेली तेव्हा पॅनेलपाशी रुक्साना उभी होती. याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. रुक्सानाचंही नव्हतं.

रहाटणीत रविराजच्या घराण्याची पूर्वी बरीच शेती होती. आता एक तुकडा राहिलाय, तिन्ही बाजूंनी सोसायट्यांच्या भिंती आणि मधे पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये फोमचे ट्रे कोरले जातात. चाकणच्या कारखान्यांतले गिअर, पंप, व्हॉल्व्ह खोक्यांत भरून परदेशी जातात. ते आत हलू नयेत म्हणून फोमला त्यांच्याच आकाराच्या खाचा पाडाव्या लागतात. त्या पाडणारं राउटर मशीन रुक्साना चालवायची, आणि रविराजची बायको मोनिका फोमची शीट लावायची, काढायची, कोरलेला भुसा साफ करायची. दोघींचं छान जमायचं. डबा एकत्र खायच्या.

रुक्साना राजगुरुनगरच्या चांदभाई मोमीनांची मुलगी. चांदभाई जळालेल्या पंपांच्या मोटारी नव्या तारेनं गुंडाळून द्यायचे. एकदा ते मोटारीत हात घालून बसले असताना दुकानातल्या कुणीतरी मेन स्विच चालू केला. जीव वाचला, पण उजव्या हाताची बोटं पुढे कधी नीट मिटली नाहीत. तेव्हापासून कामाला बसताना ते फ्यूज काढून सदऱ्याच्या खिशात ठेवायचे. हे बघत वाढलेली रुक्साना आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकली, लग्न होऊन काळेवाडीला आली, पण प्रत्येक गोष्ट पुन्हा पुन्हा बघायची सवय काही गेली नाही. गॅसचा खटका, दाराची कडी, गाडीचं स्टँड. नवरा मोईज तिची चेष्टा करायचा. "कुलूप लावलंस हे मी शपथेवर सांगतो, आता चल."

अशा बाईच्या हातून हे घडलं, असं सगळे म्हणत होते.

त्या दुपारी एक शीट कोरून झालं आणि मशीन नेहमीसारखं थांबलं. हिरवं बटण दाबलं की ते पुढचं काम घेणार, तोवर वाट बघणार. साफसफाईच्या आधी मेन स्विच बंद करायचा, असा कागद भिंतीवर चिकटवलेला होता. पण मेन बंद केला की मशीन स्वतःची सुरुवातीची जागा विसरायचं आणि ती परत लावत बसावं लागायचं. त्यामुळे बंद कुणीच करत नसे. मोनिकानं डस्ट कलेक्टरचा, भुसा ओढायचा जाडजूड पाइप हातात घेतला, ती मशीनवर वाकली, दुसऱ्या हातानं कलेक्टरचा खटका वर केला, आणि मशीन चालू झालं.

रुक्सानानं लाल बटणावर हात मारला. ओढणी मधोमध फाटली म्हणून मोनिका वाचली. पण मनगटात मशीनचं फिरतं टूल शिरलं होतं. टाके पडले, आणि अंगठ्याकडे जाणारी नस दुखावली.

"चुकून दाबलं गेलं असेल, ताई," दवाखान्याच्या जिन्यात रविराज म्हणाला. "मनाला लावून घेऊ नका."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तेच तिला सहन होईना. घरी येऊन ती ते क्षण आठवत बसली. हातात काय होतं? मोबाइल? पाण्याची बाटली? कोपर पॅनेलला टेकलं होतं का? पहिल्या दिवशी तिची खात्री होती की बटणाला हात लागलेला नाही. दुसऱ्या दिवशी ती खात्री जरा पातळ झाली. आठवडा उलटेपर्यंत तिला आपलं बोट त्या हिरव्या बटणावर दिसायला लागलं, अगदी स्पष्ट, नखाच्या मेंदीसकट. हे खरं आठवतंय की भीतीनं रंगवलंय, तिला सांगता येईना. ती मोईजला म्हणाली, "मी दाबलं असेल तर?" तो म्हणाला, "असेल तर असेल. मुद्दाम थोडंच केलंस?" तिनं जेवणाचं ताट बाजूला सारलं.

शेडचं काम बंदच होतं. रविराजची परवानगी घेऊन ती लॅपटॉप घेऊन तिथे गेली. मशीनचा जुना कंट्रोलर बिघडला तेव्हा तिचा मोठा भाऊ अय्याज यानं नवा बोर्ड बसवून दिला होता. सगळ्या मोटारी हाच तळहाताएवढा बोर्ड हलवतो. त्याला अक्षर आणि आकडा अशा कमांड पाठवायच्या असतात. त्यातली एम त्रेचाळीस ही कमांड मशीन हलवत नाही, नुसतं विचारते, बाबा रे, तुझ्या पिनांवर आत्ता काय आहे? बोर्डाच्या प्रत्येक पिनेला बाहेरून एकेक वायर येते, कुठली दाराच्या स्विचची, कुठली हिरव्या बटणाची. बटण मोकळं असेल तर स्क्रीनवर एक दिसतो, दाबलं तर शून्य.

टूल फिरवणारा स्पिंडल आणि मोटारींच्या वायरी काढून ठेवून, म्हणजे काही हलणारच नाही अशी व्यवस्था करून, तिनं बोर्डाला हिरव्या बटणाच्या पिनेवर लक्ष ठेवायला लावलं. एक. बटण दाबलं, शून्य. सोडलं, एक. तिनं पॅनेलवर थापा मारल्या, वायर हलवली, बटणाला धक्के दिले. एक, एक, एक. सकाळभर तो आकडा ढिम्म हलला नाही. बटण चांगलं आहे, असं बोर्ड सांगत होता. म्हणजे राहिलं कोण?

तेवढ्यात रविराजची आई, रंभाकाकू, खराटा घेऊन आत आली. अपघातानंतर रुक्साना तिच्यासमोर जायचं टाळत होती.

"आगं, किती येळ त्या डब्याकडं बघत बसणार हायेस? च्या तरी घेतलास का?"

"बघतेय काकू, बटणात काही दोष आहे का."

"बघ बघ. मला काय त्यातलं कळत न्हाई. मी आपला भुसा काढते. लई साचलाय."

असं म्हणून रंभाकाकूनं डस्ट कलेक्टरचा खटका वर केला. मोटर गुरगुरून उठली आणि स्क्रीनवर शून्य आलं. लगेच परत एक.

रुक्सानाचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.

"काकू, बंद करा. आता परत चालू करा." काही झालं नाही. "परत एकदा." शून्य. कधी व्हायचं, कधी व्हायचं नाही, पण जेव्हा व्हायचं तेव्हा त्या मोटरच्या सुरुवातीच्या झटक्यालाच.

"म्हंजी तू न्हाई दाबलंस?" रंभाकाकूनं विचारलं.

"नाही काकू."

रंभाकाकू खराटा टेकून उभी राहिली. "मग आधी माझ्या सुनंला सांग जा. ती तुला काय बोलली न्हाई, पर सोताला लई बोलती. तिला वाटतंय, तिनंच तुला मान हलवून चालू कर म्हून खूण केली व्हती."

रुक्साना उठलीच. पण पॅनेलचं दार लावताना तिची नजर आत गेली. हिरव्या बटणाची बारीक वायर आणि डस्ट कलेक्टरच्या मोटरची जाड केबल वायरी नेण्याच्या एकाच पट्टीतून, एकमेकींना चिकटून नेलेल्या होत्या. मोटर सुरू होताना जाड केबलचा झटका बारकीत उमटत होता, आणि बटणाची ती पिन एकवर घट्ट धरून ठेवणारा छोटा रेझिस्टर बसवलेलाच नव्हता. वायरी पिवळ्या टायनं एकसारख्या बांधल्या होत्या, टोकं तिरकी कापून. असं काम एकच माणूस करायचा. तिला सोल्डरिंग ज्यानं शिकवलं तोच.

ती आधी मोनिकाकडे गेली नाही. काळेवाडीला, अय्याजच्या दुकानात गेली.

"माझं वायरिंग?" अय्याज हसला. "रुक्सी, इतकी वर्षं हेच करतोय. मशीन पहिल्या दिवसापासून चाललं ना नीट?"

"चाललं. डस्ट कलेक्टर नंतर आला. त्याची केबल पण तूच टाकलीस, भाई."

"मग? जागा होती त्या पट्टीत."

"चल, बघ एकदा."

"तुला तुझ्या अंगावरचं माझ्यावर ढकलायचंय का?"

या एका वाक्याची भीती तिला वाटेत सिग्नलपासून वाटत होती. मग ती म्हणाली, "ढकलायचं असतं तर रविराजभाऊंकडे गेले असते. तुझ्याकडे कशाला आले असते?"

अय्याज आला. स्टुलावर बसला. रुक्सानानं कमांड पाठवली आणि त्यालाच खटका वर-खाली करायला सांगितलं. शून्य दिसल्यावरही तो खटका टाकतच राहिला, जणू पुढच्या वेळी तरी होणार नाही. शेवटी त्यानं मोटर बंद केली. पत्र्याखाली एकदम शांत झालं.

"अजून दोन ठिकाणी असंच केलंय," तो म्हणाला.

कधी? कुठे? आत्ता तिथे कोण वाकलं असेल? अय्याजनं दोन्ही मालकांना फोन लावले. भोसरीच्या जयदीपनं लगेच उचलला. "बंद करतो, तुम्ही या सवडीनं," म्हणाला. चाकणचे मालोजी फोन उचलेनात.

दोघं अय्याजच्या मोटारसायकलवरून निघाली. मोशीच्या पुढे नाशिक रस्त्यावर कंटेनरांची रांग लागलेली. चाकणच्या चौकात तर गाडी पायांनी ढकलत न्यावी लागली. रुक्साना मागे बसून सारखी फोन लावत होती. रिंग पूर्ण वाजून थांबली की तिला वाटायचं, झालं, तिकडे काहीतरी झालं, म्हणूनच कुणी उचलत नाही. मधेच अय्याज मान न वळवता म्हणाला, "काही झालं असेल तर मी काय करू, रुक्सी?" तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तळेगाव रस्त्याच्या त्या गाळ्यात मशीन चालू होतं आणि मालोजी ट्रे मोजत उभे होते.

"राव, आज डिस्पॅच आहे. रविवारी या, काय उघडायचं ते उघडा."

"साहेब, धोका आहे," अय्याज म्हणाला. "चूक माझी आहे. फक्त बंद करा."

"तीन महिने काही झालं नाही आणि आजच होणार?"

रुक्सानाचं त्यांच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. मशीन एक शीट संपवून थांबलं होतं. ज्योतीराम नावाचा मध्यमवयीन ऑपरेटर पाइप उचलून आत वाकत होता आणि त्याचा दुसरा हात कलेक्टरच्या खटक्याकडे चालला होता. ती पळत गेली आणि तिनं लाल बटण दाबलं.

"ओ बाई!" मालोजी ओरडले. "कुणाला विचारून?"

"ओरडा नंतर," ती म्हणाली. "आधी बघा."

तिनं मोटारींच्या वायरी सोडवल्या, लाल बटण वर काढलं, लॅपटॉप जोडला. कलेक्टर चालू. एक. बंद, परत चालू. एक. पुन्हा. एकच. मालोजी हाताची घडी घालून उभे. रुक्सानाला वाटलं, इथे दोष नसेलच, आपण उगाच एवढा तमाशा केला. आणि त्याच वेळी वाटलं, आता हे लोक मशीन चालू करतील आणि मगच व्हायचं ते होईल.

"आम्ही दोन्ही कलेक्टर एकदमच लावतो, ताई," ज्योतीराम म्हणाला. "पलीकडचा पण लावू का?"

त्यानं दोन्ही खटके वर केले. शून्य.

"हे काय?" मालोजींनी विचारलं.

"मशीनला वाटलं, हिरवं बटण दाबलं," रुक्साना म्हणाली. "बटणाजवळ कुणी आहे का, तुम्हीच बघा."

मालोजींनी बटणाकडे बघितलं, मग ज्योतीरामच्या हाताकडे. ते भिंतीपाशी गेले आणि त्यांनी स्वतः मेन स्विच खाली ओढला.

तिन्ही मशीनांचं काम अय्याजनं पुन्हा केलं. बटणाची वायर बाहेरचे झटके अडवणाऱ्या जाळीच्या केबलमधून, लांबून नेली, रेझिस्टर बसवले, आणि मशीनला जागा विसरू न देता मोटारींचा करंट तोडणारा, किल्लीचा एक वेगळा स्विच लावून दिला. साफ करणाऱ्यानं किल्ली स्वतःजवळ ठेवायची.

मोनिकाला सांगायला रुक्साना चाकणहून परतल्यावर त्याच संध्याकाळी गेली होती. सगळं ऐकून मोनिका म्हणाली, "मग मी मान हलवली नव्हती?"

"हलवली असशील. पण मी दाबलं नव्हतं."

दोघी रडल्या. नंतर अय्याज येऊन माफी मागून गेला. मोनिकानं त्याला पाणी दिलं, बोलली मात्र नाही. रविराजनं पुढचं वायरिंगचं काम दुसऱ्या माणसाकडे दिलं, आणि ते रुक्सानाला तोंडावर सांगितलं. तिला ते पटलं, पण भावाला हे कसं सांगायचं म्हणून त्या दिवशी ती भावाच्या दुकानावरून जाताना थांबली नाही. पुढच्या आठवड्यात तोच घरी आला. दुसरीकडे बसवलेल्या नव्या पॅनेलचे फोटो दाखवत म्हणाला, "बघ ना, यात काही राहिलंय का." राहिलेलं काही नव्हतं. पण ती म्हणाली, फोटोवरून नाही सांगणार, तिथे येऊन पिना वाचेन.

मोनिकाच्या अंगठ्याच्या टोकाला स्पर्श अजून नीट कळत नाही. डॉक्टर म्हणतात, येईल हळूहळू. ती शेडमध्ये परत आलीय, डाव्या हातानं शीट लावते. भुसा सध्या रंभाकाकू काढते, किल्ली कमरेला खोचून.