कोच मला पाहायला आला तेव्हा

तापलेल्या रबराचा वास आला की मला कतारमधल्या दोह्यातलं शाळेचं मैदान आणि त्याचा रबरी ट्रॅक आठवतो. मी बारावीत होते. आंतरशालेय स्पर्धेत आठशे मीटरला पहिली आले आणि अमेरिकेतल्या एका कॉलेजसाठी खेळाडू शोधत फिरणारा कोच स्टॉपवॉच हातात घेऊनच माझ्याकडे आला. मी अजून धापाच टाकत होते. "रोज किती सराव करतेस?" त्याने विचारलं. ऑफिसमधून थेट आलेले बाबा टाय सावरत इंग्रजीत मध्येच म्हणाले, "काळजी नको सर, फक्त गुरुवारी, सुट्टीच्या आदल्या दिवशी पळते. अभ्यासावर काही परिणाम नाही." खरं तर मी रोज पहाटे ओल्ड एअरपोर्ट या आमच्या वस्तीच्या गल्ल्यांतून पळायचे आणि गाडीचे दिवे लावून मागे हेच बाबा असायचे. मी त्यांची बाही ओढली, तर त्यांनी माझे गणिताचे मार्कही सांगून टाकले; कॉलेजचा माणूस म्हणजे आधी अभ्यासच बघणार, असं त्यांना वाटत होतं. कोच हसला, थँक्यू म्हणाला आणि दुसऱ्या नंबरच्या मुलीकडे वळला. "बरं झालं मी होतो," बाबा गाडीत म्हणाले. मी बुटांच्या नाड्या सोडल्या आणि बूट पिशवीत कोंबले. अमेरिकेचा कोच हिच्यासाठी आला होता, असं ते आजही पाहुण्यांना कौतुकाने सांगतात. मग पुढे काय झालं, असं कुणीतरी विचारतंच. तेव्हा बाबा माझ्याकडे बघतात, आणि मी चहा टाकायला उठते.