चौकोन दिसणारी बाही

शिवणवर्गाच्या बाईंचा उजवा अंगठा आता कात्रीला साथ देत नव्हता. सोमवारपासून वर्ग नवी शिक्षिका घेणार होती. बाईंना घोर एकच होता, आपली बेतायची पद्धत मागे राहायला हवी. म्हणून त्यांनी संगणकावर पुस्तिका तयार केली. प्रत्येक पानावर खाली चौकोनांची जाळी आणि वर फिक्या रंगात कॉलर, पाठ, बाही. रंगातून खालचे चौकोन दिसायचे. एक चौकोन म्हणजे दोन बोटं. चौकोन मोजायचे आणि कापडावर आखायचं.

पण पुस्तिकेची पीडीएफ केली आणि चौकोन गेले. बाहीच्या जागी काळा ठोकळा.

नणंद शेजारी शेंगदाणे सोलत बसली होती. तिनं पडद्याकडे मान लांबवली. "वहिनी, ही बाही आहे की कोळशाचं पोतं?"

"हस तू. चौकोन नसले तर पोरी अंदाजानं कापतील. मग मी इतकी वर्षं काय शिकवलं?"

बाईंनी पदर खोचला. आधी चित्रं दुसऱ्या प्रकारात साठवून पाहिली. काळं गेलं, पण त्याजागी पांढरं आलं, आणि चौकोन त्याखाली झाकलेलेच राहिले. आगीतून फुफाट्यात. मग त्यांनी शिवणातलीच रीत धरली. नवं बेतताना आधी जुन्या चादरीवर कापून बघायचं. एका कोऱ्या पानावर फक्त जाळी आणि एक बाही ठेवली, पीडीएफ केली. तरीही काळी.

"म्हणजे पुस्तिका मोठी आहे म्हणून नाही," बाई पुटपुटल्या.

मग आठवलं. मागे एका विद्यार्थिनीला असंच एक पान पाठवलं होतं, ते तर छान दिसत होतं. तेव्हा काय वेगळं केलं होतं? पीडीएफ करतानाची चौकट त्यांनी पुन्हा उघडली आणि एकेक ओळ वाचली. तिथं 'दीर्घकाळ जतनासाठी' असं लिहिलेलं होतं आणि त्यापुढे खूण होती. ती बाईंनीच केली होती. प्रत्येक शिवणीवर दुहेरी टीप मारणारी बाई, टिकाऊ म्हटल्यावर थांबते कशाला!

खूण काढून पुन्हा पीडीएफ केली. बाहीतून चौकोन लख्ख दिसले. जतनासाठीच्या पीडीएफचे नियम जुने, त्यांत आरपार दिसणारं चित्र बसतच नव्हतं.

"झालं! आता अशीच पाठव, आणि चहा टाक," नणंद म्हणाली.

"खूण काढून चालणार नाही. ही पुस्तिका कितीही वर्षांनी, मी नसतानाही उघडायला हवी."

"अगं, पण मग चौकोन?"

बाईंनी आपल्या ब्लाउजच्या बाहीचं अस्तर चिमटीत धरून पाहिलं. मग म्हणाल्या, "अस्तर वेगळं ठेवलं तर सरकतं. कापडाला शिवून टाकलं की एकच होतं."

मग प्रत्येक पानावर त्यांनी खाली पांढरा ठोकळा, त्यावर जाळी, त्यावर आकार असं सगळं एकत्र निवडलं, त्याचं एकच चित्र साठवलं आणि जुन्याच्या जागी बसवलं. आता आरपार दिसण्यासारखं काही उरलंच नव्हतं, चौकोन चित्रातच होते. अंगठा ठणकायला लागला तेव्हा माउस डाव्या हातात घेतला. दोनदा कॉलर पाठीच्या पानावर जाऊन बसली. नणंदेनं चहा आणून ठेवला, तो गार झाला.

शेवटी जतनाची खूण परत करून पीडीएफ केली. पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत चौकोन होते. बाईंना तेवढ्यानं समाधान नव्हतं. बाहीचं पान छापून त्यांनी नणंदेच्या हातात कात्री दिली.

"मला सुई धरता येत नाही, वहिनी!"

"म्हणूनच तू. मी तोंड उघडणार नाही."

नणंद चौकोन मोजत, जीभ दाताखाली धरून चादरीवर आखत गेली. एकदा चुकली, पुन्हा मोजलं. बाईंनी खरोखर तोंड उघडलं नाही. कापलेली बाही त्यांनी धावदोऱ्यानं एका जुन्या सदऱ्याला जोडली आणि तो नणंदेच्या अंगात घातला.

"हात वर कर."

हात सरळ वर गेला.

"दंडाला जरा घट्टच आहे हं."

"तो तुझा दंड आहे, माझी बाही नाही," बाई म्हणाल्या, आणि पुस्तिका नव्या शिक्षिकेला पाठवून दिली.